दोराचं दुसरं टोक

"ही सुरी वांगी चिरायची," माझी पाणबुड्याची सुरी उन्हात धरून हिंदुराव शेडगे म्हणाला. "आन् तीबी कवळी. जून वांगं असलं तर हिच्यानं व्हायचं न्हाई."

"धारेवरनं बोट फिरव, मग बोल," मी म्हणालो.

"ही धार न्हवं दत्ता, करवत हाय. सुतारकी करत जा तू."

आजूबाजूचे हसले. त्या दिवशी खंडेनवमी होती. अंदमानातल्या एका बेटावर लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचं मिळून एक लहानसं ठाणं होतं, तिथली ही गोष्ट. आता वीसेक वर्षं होऊन गेली. हिंदुराव मराठा पलटणीत हवालदार, माण तालुक्यातल्या कोरड्या मुलखातला. मी दत्ताराम खवणेकर, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचा गाबीत, पिढीजात मासेमार, नौदलात पाणबुड्या. आमच्यातला तिसरा, सार्जंट मनोहर उईके. गडचिरोलीच्या जंगलातला गोंड. हवाई दलाची पॅराशूटं आणि लाइफ जॅकेटं तपासणं, घडी घालणं हे त्याचं काम. तिघांची दलं वेगळी, मेस वेगळ्या, पण त्या बेटावर पोटभर मराठी बोलायला मिळायचं ते एवढ्या दोघांशीच. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसून एकमेकांच्या दलांना नावं ठेवायचो. हा आमचा रोजचा कार्यक्रम होता.

मराठा पलटण शस्त्रांची पूजा चुकवत नाही. सतरंजीवर रायफलींच्या संगिनी ओळीनं मांडल्या होत्या, अधिकाऱ्यांच्या परेडच्या तलवारी होत्या, आमच्या सुऱ्या होत्या, स्वयंपाक्याचा कोयता होता आणि न्हाव्यानं आणून ठेवलेला वस्तराही होता. झेंडू बेटावर मिळायचा नाही, म्हणून जास्वंदीची फुलं वाहिली होती. पूजा झाली की दोन माडांच्या मध्ये एक आडवा वासा बांधायचा, त्याला मनगटाएवढा जाड काथ्याचा दोर टांगायचा, दोराच्या टोकाला वाळूचं पोतं लावायचं, आणि प्रत्येक दलातल्या एकानं आपल्या हत्यारानं तो दोर तोडायचा. कुणाला किती घाव लागतात ते सगळ्यांनी मोठ्यानं मोजायचं.

हिंदुरावकडे कुकरी होती. लष्करी प्रशिक्षणात त्याची एका गोरखा उस्तादाशी दोस्ती झाली होती, त्यानं निरोप घेताना ती दिली होती. माझी सुरी करवतीसारखी दातेरी. दोर तुटायचा, पण घासून घासून. उईकेची सुरी तर बोटभर. आकडीसारखी वाकडी, धार आतल्या बाजूला. पॅराशूटच्या दोऱ्यात माणूस गुरफटला तर त्यानं स्वतःला सोडवायचं, एवढंच तिचं काम. काथ्याचा तो दोर तिच्या तोंडात मावायचासुद्धा नाही. तरी दरवर्षी उईके पुढे व्हायचा, दोराच्या बाजूचे दोन काथे खुडल्यासारखे तोडायचा आणि नमस्कार करून बाजूला व्हायचा. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडायच्या.

"हसू नका बाप्पा," तो म्हणायचा. "आमची सुरी मानूस वाचवासाठी हाये. तुमच्या सुऱ्या कायच्यासाठी हायेत, ते तुमचं तुम्ही पाहा."

त्या वर्षी मी चांगली तयारी केली होती. सुरी परजून आणली होती. लागोपाठ घासत राहिलो, नौदलाची पोरं मागून ओरडत होती, आणि पोतं एकदाचं खाली पडलं. मग नवा दोर बांधला गेला. हिंदुराव आला, पाय रोवून उभा राहिला, दोराकडे बघितलं. त्यानं हात वर नेलेला दिसला आणि पुढच्या क्षणी पोतं जमिनीवर होतं. मोजायला कुणाला वेळच मिळाला नाही.

"एक," उईके म्हणाला. "आर्मी जिंकली. दर साली तेच. गंमतच गेली हो याच्यातली."

दसरा झाला आणि हवा फिरली. दोन दिवस दक्षिणेकडून जड वारा येत होता. वादळाची सूचना आली. आमच्या बेटाच्या दक्षिणेला एक चिमुकलं बेट होतं. तिथं नारळाची बाग राखणारी काही कुटुंबं राहायची. त्यांची घरं म्हणजे पत्रे आणि झावळ्या. त्यांना उचलून आणायचा हुकूम सुटला. अशा वाऱ्यात हेलिकॉप्टर जाणं शक्य नव्हतं, म्हणून बोटी निघाल्या. लष्कराची डिझेलवर चालणारी मोठी बोट, तिच्यावर हिंदुराव आणि इंजिन चालवणारा एक शिपाई. मागे आमची रबरी होडी, तिच्यावर मी. खडकांच्या अगदी जवळ मोठी बोट जात नाही, म्हणून होडी लागणारच होती. उईकेला लाइफ जॅकेटं घेऊन पाठवलं होतं. लहान मुलांना ती नीट बांधता यायला हवीत, नाहीतर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली जातं.

उईकेला पोहता येत नव्हतं. येईल तेवढं मी शिकवलं होतं, पण पाण्यात उतरला की तो ओंडक्यासारखा ताठ व्हायचा.

"तू कशाला येतोस?" मी धक्क्यावर त्याला विचारलं. "जॅकेटं मी बांधीन."

"तू बांधशील अन् गाठ सुटंल," तो म्हणाला. "मंग नाव कोणाचं जाईल? एअर फोर्सचं."

जाताना काही अडलं नाही. त्या बेटावरची माणसं किनाऱ्यावर बोचकी घेऊन उभीच होती. मी होडीनं खेपा करून त्यांना मोठ्या बोटीवर पोचवत होतो. उईके वाळूत गुडघ्यावर बसून एकेका मुलाचं जॅकेट बांधत होता, पट्टा ओढून बघत होता, गालाला हात लावून पुढे ढकलत होता. एक म्हातारी शेळी सोडून यायला तयार नव्हती. हिंदुराव स्वतः पाण्यात उतरून आला, तिला लहान पोरासारखं उचललं आणि बोटीत नेऊन बसवलं. म्हातारी त्याला वाटभर शिव्या देत होती. तो म्हणत होता, "व्हय आजी, व्हय आजी."

शेवटच्या खेपेला होडीचं इंजिन बंद पडलं. मी हरप्रकारे बघितलं, चालू होईना. तोवर मोठी बोट माणसांनी भरून गेली होती. हिंदुरावनं नायलॉनचा दोर फेकला, मी तो होडीच्या नाकाला बांधला. आता मोठी बोट आम्हाला ओढत नेणार होती.

"मनोहरला हिकडं घेतो," हिंदुराव ओरडला.

उईकेनं त्या बोटीकडे बघितलं. तिथं बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या. पाण्याची पातळी बोटीच्या काठाजवळ आलेली लांबूनही दिसत होती.

"राहू दे," तो म्हणाला. "इथं ऐसपैस हाये." आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

दोन बेटांच्या मध्ये प्रवाळाच्या खडकांतून एक अरुंद वाट आहे. भर दुपार होती, पण आभाळ इतकं उतरलं होतं की संध्याकाळ वाटत होती. त्या वाटेत शिरलो आणि मागून लाटा यायला लागल्या. पहिली आमच्याखालून निघून गेली. दुसरी होडीत फुटली. होडी काठोकाठ भरली. मी पाणी उपसायला लागलो, पण तिसऱ्या लाटेनं मला उचलून बाहेर टाकलं. वर आलो तेव्हा होडीच्या कडेचा दोर एका हातात सापडला. उईके माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्यात होता. दुसऱ्या हातानं मी त्याच्या जॅकेटची कॉलर धरली.

पाण्यानं भरलेली होडी म्हणजे नांगरच. तिच्या ओझ्यानं मोठ्या बोटीचं मागचं टोक खाली दबलं आणि बोट हळूहळू आडवी व्हायला लागली. पुढची लाट त्या बोटीच्या मागच्या काठावरून आत गेलेली मला दिसली. बायकामुलांचा आकांत ऐकू आला. आणखी दोन-तीन लाटा, की ती बोट सगळ्यांना घेऊन उलटणार, हे मला समजलं. समुद्रावर जन्म काढलेल्या कुणालाही समजलं असतं.

दोर तोडायला हवा होता. माझी सुरी पोटरीला बांधलेली होती. पण एका हातात होडी होती आणि दुसऱ्यात उईके. यांतलं काहीही सोडलं तर तो गेला असता.

हिंदुराव बोटीच्या मागच्या टोकाला उभा होता. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातात कुकरी. तो आमच्याकडे बघत होता. त्यानं हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला. त्याचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. आजवर मी त्याचा तसा चेहरा कधी बघितला नव्हता.

"तोड!" मी ओरडलो. "हिंदुराव, तोड!"

मध्ये लाट आली. आमच्या डोक्यावरून पाणी गेलं. पुन्हा वर आलो तेव्हा ताणलेला दोर सैल होऊन पाण्यावर पसरला होता आणि मोठी बोट सरळ होऊन पुढे चालली होती.

त्या बोटीवरची सगळी माणसं त्या दिवशी किनाऱ्याला लागली. म्हातारीसुद्धा.

आमची होडी पुढे उलटली. तिला धरून आम्ही वाहत गेलो. लाटांनी आम्हाला प्रवाळाच्या खडकांवर नेऊन आपटलं. माझा खांदा निखळला. उईके माझ्या आणि खडकाच्या मध्ये सापडला. एक उंचवटा होता, भरतीतही थोडा उघडा राहणारा, त्यावर मी त्याला कसाबसा ओढला. बाहेरून फार लागलेलं दिसत नव्हतं, पण श्वास घेताना त्याच्या छातीतून वेगळाच आवाज येत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाऊस सुरू झाला होता.

"बोट?" त्यानं विचारलं.

"गेली. सुखरूप गेली."

"पोरायची जॅकेटं?"

"सगळी नीट होती."

 तो म्हणाला, "दोर कसा तुटला?"

"हिंदुरावनं तोडला."

"एका घावात?"

"एका घावात."

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरंच आलं, मी ते बघितलं. "म्हंजे या साली दोनदा जिंकली आर्मी," तो म्हणाला. "सांगजो त्याले. म्हनजो, उईकेनं टाळी वाजवली." त्यानं हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो उचलला गेला नाही.

त्यानंतर तो घराबद्दल थोडं बोलला, मोहाच्या झाडांबद्दल, आईबद्दल. अंधार पडायच्या आधी त्याचा श्वास थांबला.

उजाडताना बोटी आल्या. पहिल्या बोटीत हिंदुराव होता. आदल्या संध्याकाळीच तो परत निघत होता, त्याला दोघांनी धरून ठेवलं होतं, असं मला नंतर कळलं. तो पाण्यात उडी टाकून खडकावर आला. माझ्याकडे बघितलं, माझ्या मांडीवरच्या उईकेकडे बघितलं. मग खाली बसून त्यानं उईकेच्या जॅकेटचा पट्टा सोडवायला घेतला. पट्टा भिजून आवळला होता. एक शिपाई म्हणाला, "सुरीनं कापा ना, हवालदारसाब." हिंदुरावनं मान हलवली आणि बोटांनीच ती गाठ सोडवत राहिला. नखांतून रक्त आलं तरी सोडवत राहिला. सगळे उभे राहून वाट बघत होते. गाठ सुटल्यावर त्यानं उईकेला खांद्यावर घेतलं. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

चौकशी बसली. अशा प्रसंगात ती बसतेच. तिन्ही दलांचे अधिकारी होते. मला दवाखान्यातल्या पलंगावरून खुर्चीत बसवून नेलं. मी घडलं ते सांगितलं. दोर तोडल्यावाचून इलाज नव्हता, तोडला नसता तर बायकामुलांसकट बोट गेली असती, आणि मी स्वतः ओरडून तोडायला सांगितलं होतं.

हिंदुरावची साक्ष माझ्यानंतर झाली. ती मला एका कारकुनाकडून कळली. त्याला विचारलं, "खवणेकरचा आवाज तुम्ही ऐकला?" तो म्हणाला, "न्हाई साहेब. मला कुणी काय सांगितलं न्हाई. मी माज्या मनानं तोडला."

चौकशीत कुणावरच ठपका आला नाही. उलट हिंदुरावचं नाव शौर्यपदकासाठी पाठवायचं ठरत होतं. त्यानं सांगितलं, माझं नाव पाठवलं तर मी पलटण सोडून जाईन. मग कुणी पाठवलं नाही.

तो मला भेटायला आला एका दुपारी. दवाखान्याच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, अगदी शांत, जणू काही घडलंच नव्हतं. त्यानं स्टूल ओढलं आणि बसला. बराच वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे बघत होता.

"खांदा कसा हाय?"

"बसवलाय. दुखतो थोडा."

"हं."

मला वाटलं आता तो काहीतरी चेष्टा करील. सुतारकी कशी करणार म्हणेल. तो म्हणाला, "दत्ता, तू खोटं कशापायी बोललास?"

"काय खोटं बोललो?"

"तू वरडलास म्हून. तोड म्हणालास म्हून."

"म्हणालो होतो, हिंदुराव."

"मी तुज्याकडंच बगत हुतो. तुजं तोंड पाण्याखाली हुतं."

"त्याच्या आधी. लाट यायच्या आधी ओरडलो. दोनदा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. आपल्याला समजावणाऱ्या लहान मुलाकडे बघावं तसं तो बघत होता.

"तुझा सोभाव मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या अंगावर काय येऊ नये म्हून तू मदी पडणार. पर हे माझं हाय. हे मला घेऊ दे. तू मला कायतरी बोल."

"काय बोलू?"

"कायबी. शिव्या दे. आम्हाला सोडून गेलास म्हण. तू म्हणाला न्हाईस तर कोन म्हणनार?"

"पण तू सोडून गेला नाहीस. मीच सांगितलं तुला. अरे, मीच सांगितलं."

त्यानं मान खाली घातली. मी जितकं सांगत होतो तितका तो लांब जात होता, हे मला दिसत होतं आणि त्याचं काय करावं हे कळत नव्हतं. खरं बोलणाऱ्या माणसाजवळ खऱ्याशिवाय दुसरं काय असतं. मी म्हणालो, "ऐक. खडकावर उईके म्हणाला…"

त्यानं हात वर केला. "त्याचं नाव न्हको घेऊ. तेवडं न्हको. आज न्हको."

तो उठला, टोपी घातली, माझ्या बऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. आज नको म्हणाला होता, म्हणून मी थांबलो. वाटलं, चार दिवसांनी सांगू. जखम ओली असताना मेलेल्या मित्राचा विनोद कसा सांगायचा. पण आठवडाभरात मला विमानानं मुंबईच्या नौदल इस्पितळात हलवलं आणि मी बरा होईतो त्याची पलटण ईशान्येकडे गेली.

मी पलटणीत दोनदा फोन लावला. एकदा तो ड्यूटीवर होता. दुसऱ्यांदा फोन घेणारा म्हणाला, "थांबा, बोलावतो," आणि मग परत येऊन म्हणाला, "ते म्हणतात, मी सुट्टीवर गेलोय असं सांग." त्या बिचाऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती. मी फोन ठेवला. त्याला बोलायचं नाही तर आपण किती मागं लागायचं, असं मनाशी म्हणालो. मग माझ्या बदल्या झाल्या, लग्न झालं, मुलं झाली. एका खंडेनवमीला बेटावरचा एक ओळखीचा भेटला. त्यानं सांगितलं, शेडग्यांनी पेन्शनीत जाताना कुकरी पलटणीच्या मेसमध्ये देऊन टाकली, ती आता भिंतीवर काचेच्या पेटीत आहे. मी म्हणालो, भेटलं पाहिजे एकदा. असं मी दरवर्षी म्हणत होतो. तो आहे, मी आहे, माण काही परदेशात नाही, असं धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या लष्करी कॅन्टीनमध्ये त्याच्या पलटणीतला एक सुभेदार भेटला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, हिंदुराव पावसाळ्याआधी गेला. झोपेतच गेला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं दहिवडीला उतरलो आणि तिथून त्याच्या गावी गेलो. माळावरचं लहान सिमेंटचं घर, पुढे लिंबाचं झाड, दोन म्हशी. त्याची बायको कलावती ओट्यावर मटकी निवडत होती. मी नाव सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"पाणबुडे भावजी," ती म्हणाली. "या. बसा."

मी तिला याआधी कधी बघितलेलं नव्हतं, पण तिला माझ्याबद्दल पुष्कळ ठाऊक होतं. आमच्या धक्क्यावरच्या गप्पा ठाऊक होत्या. उईकेची आकडीसारखी सुरीसुद्धा ठाऊक होती. पेन्शनीत आल्यावर तो शेती करायचा, गावातल्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचा. पोहता येत नाही असं एकही पोर त्यानं गावात ठेवलं नाही, असं ती म्हणाली.

"मानसाशी चांगलं वागायचे," ती सांगत होती. "पर हातात कापायचं काय धरायचे न्हाईत. भाजीबी कधी चिरली न्हाई. म्हशीच्या दाव्याला गाठ बसली तर घंटाभर सोडवत बसायचे. मी म्हनायची, विळा लावा आन् मोकळं व्हा. तर म्हनायचे, तोडायला काय लागतंय, सोडवायला शिक."

  मग तिनं विचारलं, "एक विचारू का? त्यांच्या माघारी विचारते म्हून राग मानू नका."

"विचारा, वहिनी."

"ते म्हनायचे, दत्ता देवमानूस हाय, माझ्यासाठी साहेबांपुढं खोटं बोलला. कधी रातचं म्हनायचे, खरंच वरडला असंल का गं तो? वाऱ्यानं मला ऐकू आलं नसंल का? मी काय सांगणार, मी तितं हुते का?" ती माझ्याकडे सरळ बघत होती. "खरं सांगा. तुमी म्हनला हुता का, तोड म्हून?"

"म्हणालो होतो," मी म्हणालो. "दोनदा म्हणालो. आईची शपथ."

तिनं डोळे मिटून घेतले. मग मी तिला उईकेचंही सांगितलं. खडक, पाऊस, त्याचं विचारणं, एका घावात का म्हणून, आणि त्याचं हसणं, आणि हिंदुरावसाठी दिलेला निरोप. वीस वर्षं मी तो कुणालाच सांगितला नव्हता. ज्याचा होता त्याच्यासाठीच ठेवला होता. ती ऐकत राहिली. माझं बोलणं संपल्यावरही मान हलवत राहिली, जणू कुणीतरी अजून बोलतच होतं.

"हे त्यांना कवा सांगितलंत?"

"नाही सांगितलं. त्या वेळी त्यानं ऐकलं नाही. मग राहून गेलं."

तिच्या आवाजात दोष देण्याचा भाव नव्हता. शेजारच्या बाईला बाजारात उशीर झाल्यावर बोलावं, तितक्याच साधेपणानं ती म्हणाली, "मग आधी यायचं हुतं, भावजी."

म्हशींना पाणी दाखवायची वेळ झाली होती. ती उठली, दाराशी थांबली. "भाकरी टाकते. जेवल्याशिवाय जाऊ नका. तुमी आलात तर जेवूनच सोडायचं, असं सांगून ठेवलं हुतं त्यांनी. लई वाट बगितली."

मी ओट्यावर बसून राहिलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तिनं ताट आणून ठेवलं, बाजरीची भाकरी, मटकी, ठेचा, वाटीत ताक.  मी सावकाश सगळं जेवलो. त्या ताटात काही टाकून उठणं माझ्यानं झालं नसतं.